रानवनस्पतींचे ‘नैसर्गिक अधिवासातले’ फोटो स्पर्धेसाठी कसे काढावेत?

तुम्ही विचारलंय की हौशी छायाचित्र स्पर्धेत पहिल्यांदाच उतरताय, अट ‘रानवनस्पती, त्यांच्या नैसर्गिक अधिवासात’ अशी आहे, हाताशी मोबाईल आणि एक साधा कॅमेरा आहे. मग फुलाचा फोटो अगदी जवळून घ्यावा की लांबून? जवळूनच घ्या, पण ते रोप जिथे उगवलंय ती जागा फ्रेमबाहेर जाऊ देऊ नका.

बहुतेकांचे फोटो इथेच मार खातात. फूल सुरेख टिपलेलं असतं आणि मागे नुसती हिरवी धूसर भिंत. तसा फोटो कुंडीतल्या फुलाचाही निघतो. मग ‘अधिवासात’ या शब्दाला अर्थ काय उरला? खडकाची भेग, शेवाळ, चिखल, शेजारचं गवत, वरून झिरपणारं पाणी, यातलं काहीतरी ओळखू आलं पाहिजे. त्यासाठी मोबाईल चांगला कामी येतो. त्याची वाइड लेन्स फुलाच्या अगदी जवळ नेली की फूल मोठं दिसतं आणि मागची जागाही बऱ्यापैकी स्पष्ट राहते. मॅक्रो लेन्सचं, म्हणजे बारीक गोष्टी अगदी जवळून मोठ्या टिपणाऱ्या लेन्सचं, उलट असतं. फूल सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या भागावर) जितक्यास तितकं उमटेल इतक्या जवळ गेलात, तर फुल-फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर लेन्सचं छिद्र एफ/८ इतकं लहान ठेवूनही जेमतेम १ मिलिमीटर खोलीचा भाग फोकसमध्ये येतो. थोडं मागे सरून फूल निम्म्या आकाराचं घेतलं, तर तोच भाग ३ मिलिमीटरच्या आसपास जातो. म्हणून मी स्पर्धेसाठी पूर्ण मॅक्रो क्वचितच वापरते.

एक उदाहरण देते. ड्रॉसेरा, म्हणजे दवबिंदू. अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर सापडणारी कीटकभक्षी वनस्पती आहे. पानांवर तांबूस केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चकाकणारा थेंब. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ते दवच वाटलं होतं आणि ऊन चढायच्या आत फोटो उरकायची मी घाई केली. ते दव नसतं, चिकट स्राव असतो. सूर्य वर आला, आजूबाजूच्या गवतावरचं दव वाळून गेलं, तरी हे थेंब तसेच होते. आता मी मुद्दाम ऊन येण्याची वाट बघते आणि कॅमेरा जमिनीला टेकवून प्रकाश रोपाच्या मागून कॅमेऱ्याकडे येईल असा कोन धरते. मग प्रत्येक थेंबात एकेक ठिणगी पेटते. मात्र त्या फोटोत मला सर्वांत मोलाची वाटते ती खालची ओली, उघडी, निकस माती. नायट्रोजन मातीतून पुरेसा मिळत नाही म्हणून तर हे रोप किडे धरतं. माती दिसली की ते रोप असं का जगतं हेही फोटोत येतं.

जमिनीवर आडवं होण्याआधी कोपर आणि गुडघे कुठे टेकणार ते नीट बघा. एका मोठ्या रोपाभोवती नखाएवढी दहा पिल्लं असतात, ती सहज चिरडली जातात.

यापुढचं माझ्या हातून घडलेलं आहे आणि आजही मनाला लागतं. एक जमिनीवर उगवणारं ऑर्किड गवतात दडलेलं होतं. पार्श्वभूमी स्वच्छ हवी म्हणून मी भोवतालचं गवत उपटलं. आठवड्याने परत गेले तर फुलाचा दांडा कुणीतरी जनावराने खाल्लेला. गवताने जे झाकलं होतं ते मी उघडं पाडलं होतं. ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक, त्यात साठवलेलं अन्न जवळजवळ नसतं, रुजायला मातीतल्या बुरशीची साथ लागते. आधीच रुजणं इतकं अवघड, त्यात एक दांडा गेला की त्या वर्षीचं त्या रोपाचं सगळं बी जातं. आता आडवी येणारी काडी मी हाताने हलकेच बाजूला धरते, फोटो झाला की सोडते. तोडत काहीच नाही. फुलावर पाण्याचा फवाराही मारत नाही.

प्रकाशाचं थोडक्यात सांगते. ढगाळ हवा उत्तम. कडक उन्हात पांढरी छत्री धरली तरी काम भागतं. लाल, पिवळी आणि पांढरी फुलं कॅमेऱ्यात पटकन जळतात, पाकळ्यांवरच्या रेषा नाहीशा होतात, तेव्हा एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, थोडं कमी ठेवा. वारा पहाटे सर्वांत कमी असतो. तरीही फूल डुलत असेल तर शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा आणि झुळूक थांबेपर्यंत थांबा. हे थांबणं मला मनापासून आवडतं, कारण त्या वेळात फुलावर कोण येतंय तेही दिसतं.

स्पर्धेचे नियम दोनदा वाचा. अनेक फोटो जोडून फोकस वाढवलेला चालतो का, काटछाट किती चालते, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. मूळ फाइल जपून ठेवा, ती मागितली जाऊ शकते. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २००९ साली लांडग्याच्या एका फोटोला मिळालेलं सर्वोच्च पारितोषिक २०१० मध्ये रद्द झालं. तो लांडगा बहुधा माणसाळलेला होता, असं परीक्षकांचं मत पडलं. छायाचित्रकाराने ते नाकारलं होतं. वनस्पतींच्या बाबतीत तोच प्रश्न लावलेल्या किंवा बाहेरून आलेल्या झाडांचा येतो. घाणेरी रानात सर्रास दिसते, पण ती मूळची अमेरिका खंडांच्या उष्ण भागातली. अशी झाडं चालतील का, हे आयोजकांना आधीच विचारून घ्या.

फुलासोबत पान, पानाची मागची बाजू आणि खोड यांचेही साधे फोटो घेऊन ठेवा, ओळख पटवायला लागतात. प्रजाती नक्की ठाऊक नसेल तर फक्त कुळ लिहा. आणि रोप दुर्मीळ असेल तर फाइलमधली जीपीएसची नोंद काढून टाका. नेमकी जागा कळली की काही लोक रोपं उपटून नेतात.

मुदतीला अजून आठवडाभर असेल तर नव्या जागा शोधत फिरू नका. सापडलेल्या रोपाकडेच पुन्हा जा, एकदा पहाटे आणि एकदा दुपारी ढग आल्यावर.