इंजिनाचं बघू, आधी डिसेंबरचा हप्ता थांबवा

मुलुंडच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय 41, नोकरी लोअर परळला, हातात येणारा पगार महिना 1 लाख 45 हजार. पत्नी नोकरी करत नाही, मुलगी सातवीत, आई सोबत. 2017 ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस त्यांनी साडेतीन वर्षांपूर्वी 18 लाखांना सेकंडहँड घेतली. जुलैत ऑफिसातून परतताना ती सायनच्या गांधी मार्केटजवळ पाण्यात बंद पडली. त्यांनी दोनदा स्टार्टर मारला आणि इंजिनात पाणी गेलं. विमा कंपनीने इंजिनाचा खर्च नाकारला. सर्व्हिस सेंटर नव्या इंजिनाचे 11 लाख सांगतं, ठाण्याचा गॅरेजवाला आहे तेच इंजिन साडेचार लाखांत बांधून देतो म्हणतो आणि कुर्ल्याला सीएसटी रोडवर एक वापरलेलं इंजिन सव्वातीन लाखांना मिळतंय. यातलं काय करू, एवढाच त्यांचा प्रश्न.

पत्राच्या शेवटी मात्र हे आहे: 'पैशांची तशी अडचण नाही. बँकेच्या आरएम (रिलेशनशिप मॅनेजर) मॅडम म्हणाल्या, तुमच्या गॅरंटीड इन्कम पॉलिसीवर पाच लाखांचं कर्ज लगेच होईल. घराच्या कर्जावर घेतलेला जादा कर्जाचा टॉप-अप चालूच आहे, तो वाढवायचा नाही.'

आधी गाडी. ही तीन कोटेशनं एकमेकांशी ताडून काही कळणार नाही. दुरुस्तीने गाडीची किंमत किती वाढते, ते बघा. दुरुस्त होऊन 16 लाख येतील, असं तुम्ही धरलंय. येणार नाहीत. पाण्यात बुडालेली, इंजिन उघडलेली गाडी साडेबाराच्या वर कुणी मागेल असं मला वाटत नाही. आहे तशी, टो करून विकली तर पाचएक लाख. म्हणजे दुरुस्तीने पडणारी भर साडेसात लाखांची. 11 लाखांचं इंजिन इथेच बाद.

सव्वातीन लाखांच्या इंजिनाची वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द. शिवाय इंजिन क्रमांक बदलला की आरटीओत आरसीवर नोंद आली, विमा कंपनीला कळवणं आलं, आणि त्या क्रमांकाचं खरं बिल हवं. बिल नसेल तर ते कुठल्या गाडीतून निघालं, हे उद्या पोलिसांना तुम्ही सांगत बसणार.

राहिलं इंजिन बांधणं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, म्हणून पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो. किंचित वाकलेला रॉड काही महिने निमूट चालतो आणि एक दिवस ब्लॉक फोडून बाहेर येतो. तेव्हा 'एक रॉड बदलला, बाकी ओके' हे ऐकून घ्यायचं नाही. चारही रॉड, क्रँक, बेअरिंग, बोअरची मापं, टर्बो आणि इंटरकूलरमधलं पाणी, सगळं लेखी मागा. तुमच्या दोन लिटर टीएसआय इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आहे, बोअर करून घेता येतो, ही जमेची बाजू. क्रँक किंवा ब्लॉक गेला असेल तर तिथेच थांबा. सध्या फक्त इंजिन खोलून मापं घेण्याचे पैसे द्या. आणि साडेचारचे पावणेसहा होणार हे धरूनच चला; इंजिन खोलल्यावर एस्टिमेट खाली आलेलं मी अजून ऐकलेलं नाही.

'उघडतोच आहे तर फोर्ज्ड रॉड-पिस्टन आणि स्टेज टू, आणखी अडीच लाख' असंही तुम्ही लिहिलंय, म्हणजे जास्त मजबूत भाग घालून इंजिनाची ताकद आणखी वाढवायची. नाही. विकताना ते अडीच लाख कुणी देत नाही, उलट गिऱ्हाईक बिचकतं. गांधी मार्केटच्या पाण्यात आहे त्या अश्वशक्तीचाही उपयोग झाला नव्हता.

विम्याचं थोडक्यात. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत पुराचं नुकसान येतं, पण पाण्यात स्टार्टर मारून इंजिन गेलं की 'ओढवून घेतलेलं नुकसान' म्हणून कंपन्या हात वर करतात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं जोडकवच वेगळं घ्यावं लागतं, आणि गाडी जुनी झाली की बऱ्याच कंपन्या ते देत नाहीत. पण इंजिन नाकारलं म्हणजे सगळा क्लेम गेला असं नाही. सीट, कार्पेट, वायरिंग यांचं नुकसान पाणी आत शिरल्याचं आहे, स्टार्टरचं नव्हे. ते घसारा वजा करून मिळायला हवं. कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर सांताक्रूझला विमा लोकपालांचं कार्यालय आहे, फी लागत नाही. गाडीचा रिमॅप (ताकद वाढवायला इंजिनाच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला बदल) तुम्ही कंपनीला कळवला नव्हता, तेव्हा इंजिनासाठी तिथे भांडायला जाऊ नका.

आता न विचारलेलं, आणि खरं दुखणं तिथेच आहे.

गाडीसाठी तुम्ही घरावर 15 लाखांचा टॉप-अप घेतलात, 9 टक्क्यांनी, 15 वर्षांसाठी. हप्ता साधारण 15,200. आतापर्यंत 6 लाख 40 हजार भरलेत आणि मुद्दल अजून 13 लाख बाकी आहे. शेवटपर्यंत भरलंत तर 15 चे 27 लाख होतील, आणि तेव्हा गाडी वीस वर्षांच्या घरात असेल. (या व्याजाची घराच्या कर्जाबरोबर आयकरात वजावट घेत असाल तर बंद करा. पैसे गाडीला गेलेत, घराला नाही.)

ज्या वर्षी हे कर्ज काढलंत, जवळपास तेव्हाच वर्षाला 3 लाखांची पॉलिसीही घेतलीत. दहा वर्षं भरायचे, मग बाराव्या वर्षापासून दहा वर्षं साडेपाच लाख मिळणार. मॅडमनी सांगितलं, 30 चे 55, तेही करमुक्त. फक्त ते 55 लाख कधी येतात, ते सांगितलं नाही. परतावा काढला तर सव्वापाच टक्के पडतो. पीपीएफ 7.1 देतं. आणि तुम्ही स्वतः 9 टक्क्यांनी कर्ज फेडताय. एका खिशातून 9 ने घ्यायचं आणि दुसऱ्या खिशातून सव्वापाचने द्यायचं, याला मॅडम 'पोर्टफोलिओ' म्हणतात. त्यावर आता पाच लाखांचं कर्ज, म्हणजे स्वतःच्याच पैशांवर पुन्हा व्याज.

पॉलिसीचे चार हप्ते गेलेत, पाचवा डिसेंबरात. तो भरू नका. उरलेले सहा हप्ते वेगळे मोजले तर त्यांचा परतावा थोडा बरा दिसतो, सव्वासहा टक्के. मॅडम हा आकडा पुढे करतील. पण कर्ज 9 चं आहे.

मग पॉलिसी मोडायची (सरेंडर) की पेड-अप करायची, म्हणजे हप्ते थांबवून कमी लाभावर चालू ठेवायची? पेड-अप केली तर चार दशांश लाभ राहतो, म्हणजे बाराव्या वर्षापासून वर्षाला 2 लाख 20 हजार. पुढे मिळणारे ते पैसे 9 टक्के व्याज धरून आजच्या पैशांत मोजले तर किंमत पावणेआठ लाख. कंपनी सरेंडरचे त्याहून जास्त देत असेल तर मोडा, कमी देत असेल तर पेड-अप करा आणि विसरून जा. चार वर्षांनंतर सरेंडरची हमी साधारण भरलेल्या हप्त्यांच्या निम्म्याची असते, म्हणजे सहा लाखांची, तेव्हा बहुधा पेड-अपच. भरलेले बारा लाख वाया जातात म्हणून पुढचे अठरा भरणं, हे कृपा करून नको.

आणि त्या पॉलिसीत जीवनविमा किती? 30 लाख. घराचं कर्ज 52 आणि टॉप-अप 13, मिळून 65. टर्म प्लॅन (फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा) नाही. तुमचं काही बरंवाईट झालं तर पत्नीच्या हाती उणे 35 लाख आणि पाण्यात गेलेली गाडी येईल. साठीपर्यंतचा दीड कोटींचा टर्म घ्या. सिगारेट ओढत नसाल तर वर्षाला तीस-पस्तीस हजारांच्या घरात बसेल; 22 सप्टेंबर 2025 पासून त्यावर जीएसटीही नाही. कंपनीचा पाच लाखांचा मेडिक्लेम नोकरी सुटली की जातो, म्हणून घरच्यांचा स्वतंत्र फ्लोटर, म्हणजे सगळ्यांचा मिळून एक आरोग्यविमा, घ्या. आईंचा वेगळा.

आता इंजिनाचे पैसे. घराचा हप्ता 48, टॉप-अप 15, पॉलिसीचे महिन्याचे 25, असे 88 हजार पगारातून आधीच जातात. हाताशी चार लाखांची एफडी आहे, तिला हात लावायचा नाही. तुमच्या जागी मी असतो तर गाडी आहे तशी विकून पाच लाख टॉप-अपमध्ये टाकले असते. तुम्ही विकणार नाही, हे पत्रावरून दिसतंच. ठीक. मापं चांगली आली तर डिसेंबरसाठी जमवलेले तीन लाख आणि मार्चचा बोनस मिळून इंजिन बांधा. तोवर गाडी उभी राहू दे. सहा लाखांच्या वर एक रुपया नाही, कर्ज तर नाहीच. पुढल्या वर्षापासून तेच तीन लाख दरसाल टॉप-अपमध्ये भरा, तीनएक वर्षांत तो संपेल. फ्लोटिंग दराच्या गृहकर्जाला मुदतीआधी फेडल्याचा दंड नसतो. काउंटरवर कुणी आहे म्हणालं तर नियम लेखी मागा.

टर्म प्लॅन हातात आल्यावरच पॉलिसीला हात लावा, आधी नाही. सरेंडर आणि पेड-अपचे आकडे मॅडमकडून घेऊ नका. विमा कंपनीला थेट ईमेल करून मागवा, आणि हप्त्याची ऑटो-डेबिट सूचना नोव्हेंबरातच रद्द करून घ्या.