नमुना केवढा करावा? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : रोबोच्या हाताचा १:३ नमुना केला. दंड २०० मिमी लांब, वजन १५० ग्रॅम. झकास चालला. तीच मापं तिप्पट करून ६०० मिमीचा हात केला, मोटर नऊपट टॉर्कची (फिरवण्याच्या जोराची) बसवली. आता हात उचलतच नाही, शिवाय टोकाला झोळ पडतो. चुकलं कुठे?

उत्तर : मोटर निवडताना. लांबी, रुंदी, जाडी तिन्ही तिप्पट केल्यावर वजन २७ पट होतं, म्हणजे १५० ग्रॅमचे ४.०५ किलो. शिवाय वजनाचा मध्य सांध्यापासून १०० मिमीवर होता तो ३०० वर गेला. त्यामुळे नुसता स्वतःचा भार पेलायला ८१ पट टॉर्क लागतो : ०.१५ न्यूटन-मीटरच्या जागी जवळजवळ १२. तुम्ही दिलात नऊपट. झोळाचंही तसंच. तो मापाच्या वर्गाने वाढतो, म्हणून नमुन्यातला १ मिमी झोळ, जो कुणाच्या लक्षातही येत नाही, इथे ९ मिमी होतो.

मोठी मोटर आणण्याआधी हात हलका करा. दंड ४० मिमीच्या भरीव सळईचा असेल तर त्याच धातूची ५० मिमी बाहेरच्या व्यासाची, २ मिमी जाडीची नळी लावा. ताठपणा सुमारे ७० टक्के राहतो, पण वजन पाव हिश्शाहून कमी होतं आणि स्वतःच्या वजनाने पडणारा झोळ जेमतेम एक तृतीयांश उरतो. कोपराची मोटर बुडाशी आणून दातेरी पट्ट्याने फिरवलीत तर आणखी बरं.

लहान नमुना अजून कामाचा आहे, मोडू नका. त्याच्या दंडावर एकूण ३०० ग्रॅमचे वॉशर लांबीभर सारखे विभागून टेपने बांधा. वजन तिप्पट झालं की धातूतला ताण मोठ्या हाताइतका येतो. आता टोकाचा झोळ मोजा आणि ३ ने गुणा. मोठ्या हाताचा झोळ तेवढाच असेल. वॉशर टोकाला एका जागी मात्र टांगू नका, सगळा हिशेब बिघडतो.

प्रश्न : गिअरबॉक्सची पेटी ३४० मिमी लांब आहे आणि थ्री-डी प्रिंटरचा बेड (छपाईचा पाट) २२० मिमीचा. गिअर १ मॉड्यूलचे (मॉड्यूल म्हणजे दात्याचं माप ठरवणारा आकडा), १८ आणि ५४ दात्यांचे. बेअरिंग ६०८ नंबरचं, बोल्ट एम-४ (४ मिमीचे). सगळं १:२ करून छापावं का?

उत्तर : दिसण्यापुरतं हवं असेल तर खुशाल छापा. फिरवून पाहायचं असेल तर नको. अर्ध्या मापात मॉड्यूल ०.५ होतं आणि दात्याची जाडी ०.७९ मिमी. तुमचं नोझल (प्लास्टिक सोडणारं तोंड) ०.४ मिमीचं असेल, तर त्या जाडीत धड दोन रेघाही बसत नाहीत. दाता गोलसर, पोकळ येतो आणि पहिल्याच भाराला सोलवटतो. मूळ ड्रॉइंगमध्ये ०.२५ मिमी ठेवलेली फट ०.१२ वर येते, आणि भाग एकमेकांना धरून बसतात. प्रिंटरची चूक मापाबरोबर निम्मी होत नसते.

बाजारातले सुटे भागही मनासारखे आकसत नाहीत. ६०८ बेअरिंग ८×२२×७ मिमी. त्याचं निम्मं ४×११×३.५ होतं, पण मिळतं ते ६९४, ४×११×४. अर्धा मिमी जास्त रुंद, म्हणून झाकण बसत नाही. एम-४ चा नट ७ मिमीचा, त्याची खाच ३.५ होते, एम-२ चा नट मात्र ४ मिमीचा. कुठलंही प्रमाण ठरवण्याआधी अशा न आकसणाऱ्या वस्तूंची यादी करा आणि त्यातली सर्वांत अडेल कोणती ते पाहा.

तुमच्यासाठी सोपा रस्ता असा : माप पूर्णच ठेवा, पेटी १७०-१७० च्या दोन तुकड्यांत छापा आणि एम-४ बोल्टांनी जोडा. सांधा बेअरिंगच्या घरातून जाऊ देऊ नका. त्याहीआधी गिअरची जोडी तेवढी छापा. मोठ्या गिअरचा बाहेरचा व्यास ५६ मिमी, दोन्ही केंद्रांतलं अंतर ३६. बेडवर सहज मावते. एका सपाट पाटीवर दोन खुंट्या लावून हाताने फिरवा. अडलं तर अंतर ०.१ मिमीने वाढवा.

प्रश्न : कंट्रोलरच्या डब्याचा अर्धा नमुना तासभर चालवूनही थंड राहतो. मोठा डबाही राहील ना?

उत्तर : खात्री धरू नका. अर्ध्या मापात घनफळाच्या मानाने पृष्ठभाग दुप्पट असतो, उष्णता सुटायला वाव जास्त मिळतो. ही चाचणी पूर्ण मापातच करा. पत्र्याचा ओबडधोबड डबा आणि आत खऱ्या कंट्रोलरइतक्याच वॅटचा, तापणारा रेझिस्टर, एवढं पुरतं.

प्रश्न : १२ मीटर रुंद सांडव्याचा नमुना करायचा आहे. विसर्ग सेकंदाला १० घनमीटर, माथ्यावर पाणी सुमारे अर्धा मीटर. पंप सेकंदाला साडेतीन लिटरचा आहे, म्हणून १:२५ घेतलं. चालेल?

उत्तर : पंपाला चालेल, पाण्याला नाही. उघड्या प्रवाहात फ्रूडचं गणित (गुरुत्वाकर्षणाने वाहणाऱ्या पाण्याचा नमुना करायचा नियम) लागतं : वेग आणि वेळ प्रमाणाच्या वर्गमुळाने बदलतात, विसर्ग अडीचव्या घाताने. १:२५ ला विसर्ग ३१२५ पट कमी, म्हणजे ३.२ लिटर. पण माथ्यावर पाणी उरतं जेमतेम २० मिमी. एवढ्या पातळ थरात पृष्ठताण ढवळाढवळ करतो, धार माथ्याला चिकटते. ३० मिमीच्या वर राहा. १:१६ घेतलंत तर ३१ मिमी मिळतात, पण पाणी ९.८ लिटर लागतं आणि नमुना ७५० मिमी रुंद होतो.

पंप तोच ठेवायचा असेल तर १:१६ प्रमाणात मधली २५० मिमीचीच फाक करा, ३.३ लिटरमध्ये भागतं. बाजूच्या भिंती गुळगुळीत अॅक्रिलिकच्या घ्या. घड्याळाचे आकडे ४ ने गुणा. दोन गोष्टी या फाकेतून कळणार नाहीत : कडेच्या भिंतींपाशी प्रवाह कसा वळतो ते, आणि पायथ्याशी फेस किती होईल ते. बुडबुडे प्रमाणात लहान होत नाहीत, त्यामुळे नमुन्यात पाणी उगाच स्वच्छ दिसतं.