आरोग्यविषयक प्रश्नोत्तरे : रक्तातील आकडा काय सांगतो?

प्रश्न : माझे थोरले बंधू (वय ६१) द्राक्षबागायतदार आहेत. दिवाळीनंतर त्यांना कावीळ झाली आणि मिरजेतील तपासणीत स्वादुपिंडाच्या शीर्षभागी कर्करोगाची गाठ आढळली. त्या वेळी 'सीए १९-९' (या कर्करोगात रक्तात वाढणारा एक घटक) ६४० होते. पित्तनलिकेत स्टेंट टाकून कावीळ उतरल्यावर ते १५० भरले. महिन्यापूर्वी शस्त्रक्रिया झाली. आता एका परिचितांनी प्रथिनांची एक महागडी नवी चाचणी सुचवली आहे. तीवरून पुढे काय होणार हे कळते का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : प्रथम ६४० हा आकडा मनातून काढून टाका. हा घटक पित्तावाटे बाहेर पडतो. त्यामुळे नलिका तुंबली की कर्करोग नसतानाही तो रक्तात साचतो. कावीळ उतरल्यानंतरचे १५० हेच विचारात घेण्याजोगे. सामान्य मर्यादा ३७ आहे. काटेकोरपणे पाहता 'सीए १९-९' हे प्रथिन नव्हे, तर प्रथिनांवर चिकटलेली शर्करेची साखळी आहे, आणि शंभरांतील पाच ते दहा व्यक्तींच्या शरीरात ती तयारच होत नाही. अशांचा अहवाल रोग असूनही निर्दोष दिसतो. आपल्या बंधूंच्या बाबतीत ती तयार होते, म्हणून पुढील तुलनेसाठी ती उपयोगी आहे.

खरा अर्थ शस्त्रक्रियेनंतरच्या आकड्याला आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरही ज्यांचा आकडा १८०च्या वर राहिला, त्यांचे आयुर्मान इतरांपेक्षा बरेच कमी आढळले. मात्र हे समूहाबद्दलचे विधान आहे. त्यावरून एका माणसाचे महिने मोजता येत नाहीत. केमोथेरपी सुरू होण्यापूर्वी कावीळ नसताना, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत ही तपासणी करून घ्यावी.

आता नव्या प्रथिनांविषयी. गाठीतील 'स्मॅड४' हे प्रथिन नाहीसे झाले असल्यास रोग दूरवर पसरण्याची प्रवृत्ती अधिक असते, असे शवविच्छेदनाच्या अभ्यासांत दिसले. 'एचईएनटी१' हे प्रथिन म्हणजे जेमसायटॅबिन या केमोथेरपीच्या औषधाला पेशीत शिरू देणारे दार. ते भरपूर असल्यास शस्त्रक्रियेनंतर त्या औषधाचा लाभ अधिक होतो, असे काही अभ्यास सांगतात, तर पसरलेल्या रोगात तसे दिसले नाही. 'स्पार्क' या प्रथिनाबाबत तर सुरुवातीच्या छोट्या अभ्यासामुळे मोठी आशा निर्माण झाली होती. परंतु नंतर ८६१ रुग्णांवर झालेल्या औषधाच्या मोठ्या अभ्यासात ज्यांच्या गाठीचे नमुने उपलब्ध झाले, त्यांच्यात आयुर्मानाशी त्याचा संबंध आढळला नाही. मला हे उदाहरण मुद्दाम द्यावेसे वाटते, कारण जाहिरातींत पहिला अभ्यास असतो, दुसरा क्वचितच.

आपल्या हातात असलेला पॅथॉलॉजीचा अहवाल या सर्वांपेक्षा अधिक बोलका आहे : कापलेल्या कडा कर्करोगमुक्त आहेत का, किती लसिकाग्रंथींत रोग सापडला, गाठ किती मोठी होती, हे त्यात असते. त्या नव्या चाचणीच्या निकालामुळे केमोथेरपीची औषधे बदलणार आहेत का, एवढे आपल्या कर्करोगतज्ज्ञांना विचारावे. उत्तर नकारार्थी आले, तर ते पैसे बंधूंच्या आहारासाठी आणि जेवणाबरोबर घ्याव्या लागणाऱ्या पाचक विकरांच्या कॅप्सूलसाठी राखून ठेवावेत.