मटणात औषधांचे अंश आहेत का, हे पट्टी लावून घरी पटकन कळतं का? खाटीक काही मिसळतात का?

दुसऱ्या प्रश्नाचं आधी. इंजेक्शन गोठ्यात टोचतात. आमच्याकडे येतं ते उभं बकरं, त्याच्या अंगात काय आहे ते बघून कोणालाच कळत नाही.

कोल्हापुरात आजोबांपासून आमचं मटणाचं दुकान आहे, म्हणून हे लिहितोय. आखाडातला रविवार, भली मोठी रांग. आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा दुधाचा धंदा. त्यानं खिशातून दुधातलं अँटिबायोटिक तपासायची पट्टी काढली, पिशवीतल्या मटणाचं पाणी तिच्यावर सोडलं. रेघ फिकट आली. दुधात रेघ फिकटली की औषध आहे असं धरतात, त्यामुळे भर रांगेत हा ओरडला, "बकऱ्याला औषध मारलंय!" दुकानात मटण कापणाऱ्या आमच्या आबांनी सुरी खाली ठेवली. उभा जन्म त्या ओट्यावर घालवलेला माणूस, एक शब्द बोलला नाही.

मी मायक्रोबायॉलॉजी शिकलोय, लॅबमध्ये हेच काम करतो. दुधाची पट्टी दुधासाठीच बनवलेली असते. मटणाच्या रसातलं रक्त, आंबटपणा यांनीही रेघ बिघडते. त्याच बकऱ्याचं मांस आणि गुर्दा मी लॅबला नेला. गुर्दा मुद्दाम, कारण औषध तिथं जास्त साठतं. युरोपात ऑक्सिटेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकची मर्यादा मांसात किलोला 100 मायक्रोग्रॅम आहे, गुर्द्यात 600. आमच्या चाचणीच्या नळीत आगर या जेलीसारख्या पदार्थात जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या जिवाणूचे बीजाणू असतात. वर रसाचा थेंब सोडून 64 अंशांवर तीनेक तास ठेवायची. जिवाणू वाढले की आम्ल तयार होऊन जांभळा रंग पिवळा होतो, औषध असेल तर जांभळाच राहतो. गुर्द्याचा रस आधी तापवून घ्यावा लागतो, नाहीतर त्यातलं मूळचंच लायसोझाइम जिवाणूंना रोखतं आणि उगीच बोंब होते. दोन्ही नळ्या पिवळ्याधमक.

त्या गिऱ्हाइकाला दाखवल्या तर म्हणाला, "लॅब तुझी, दुकान तुझं." मग दुसऱ्या लॅबला पाठवू, पैसे मी भरतो म्हटलं, त्यालाही तयार नाही. आरोप रांगेत करायचा आणि तपासणीला मागं सरायचं, हे मला आजही मान्य नाही.

खरा दोष बाजाराच्या तोंडावर आजारी बकऱ्याला इंजेक्शन देऊन लगेच वडगावच्या बाजारात उभं करणाऱ्याचा. औषधानंतर ठरलेले दिवस थांबायलाच हवं. विकताना शेवटचं इंजेक्शन कधी दिलं ते लिहून द्यायची सक्ती करा, निम्मा प्रश्न तिथंच सुटेल.

आता नळीचंही सांगतो. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान या अँटिबायोटिकांना एलायझासारखी (प्रतिपिंडं वापरून करायची) वेगळी चाचणी लागते. कीटकनाशकं, शिसं, कॅडमियम या नळीत दिसतच नाहीत. जलद चाचणी फक्त संशयित माल बाजूला काढते, पक्का निकाल एलसी-एमएस/एमएस या रेणू वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्रावर. म्हणजे नळी पिवळी झाली म्हणून मटण सगळ्या बाबतीत निर्धोक, असं मीही लिहून देणार नाही. आणि शिजवल्यावर सगळं जातं असंही नाही, एन्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक उकळूनही बरंचसं टिकतं.

घरगुती पट्टीच्या नादाला लागू नका. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 40 प्रमाणे साध्या गिऱ्हाइकालाही फी भरून सरकारी अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते, दोष निघाला तर फी परत मिळते. अट एकच, खरेदी करतानाच दुकानदाराला तसं सांगायचं. आमच्याकडे येऊन सांगितलंत तर गुर्दा वेगळा बांधून देऊ.