मैत्रिणीच्या घरचं भांडण

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

मैत्रीण भाऊबीजेच्या आधीच तासगावहून विश्रामबागच्या खोलीवर परत आली, धड जेवत नाही, नुसती भिंतीकडं बघत बसते, आणि तिच्याशी काय बोलावं ते तुला कळत नाही, असं लिहिलंयस. आधी तिला खायला घाल. वरण-भात कर, नाहीतर भडंग आणून पुढं ठेव. बोलायचं मागाहून बघू.

वडिलांच्या माघारी सातबाऱ्यावर लागलेलं तिचं नाव कमी करायला भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागतोय आणि आई गप्प बसलीय. आपल्या भागात हे घरोघरी चालतं. 'लग्नाचा खर्च मीच करणार ना' हे भावाचं वाक्यही ठरलेलं. पण ती जमिनीसाठी रडतेय असं तुला वाटत असेल, तर पुन्हा नीट ऐक. सही दिली तर आपण मूर्ख ठरू आणि नाही दिली तर माहेर तुटेल, या दोन्हींच्या मधे ती सापडलीय. त्यात आई एक शब्द बोलली नाही. माझ्या मते तिला सगळ्यात जास्त तेच लागलंय, त्यामुळं आईचा विषय तू आपणहून काढू नकोस. तिनं काढला तर मधे बोलू नकोस.

भावाला तर मुळीच नावं ठेवू नकोस. ती शिव्या देईल, देऊ दे. तू 'हो ना, असलाच आहे तो' म्हणालीस, की पुढच्या वर्षी ती त्यालाच ओवाळेल आणि तुझं वाक्य तिच्या मनात तसंच राहील. 'जाऊ दे गं, भाऊच आहे' हेही नको. त्यानं ती आणखी एकटी पडते. 'आमच्याकडं पण असंच झालेलं' ही गोष्ट तर तिनं विचारल्याशिवाय सांगूच नकोस. तुझी गोष्ट सुरू झाली की तिची राहून जाते.

संध्याकाळी हरिपूरच्या रस्त्यानं दोघी चालत जा, जमलं तर कृष्णा-वारणेच्या संगमापर्यंत. समोरासमोर बसून जे बोलता येत नाही ते बरोबरीनं चालताना बोललं जातं, आणि नाही बोलली तरी दमून रात्री झोप लागेल.

आजच काहीतरी ठरवलं पाहिजे, या भीतीनं ती जास्त घाबरलीय. म्हणून एवढं तिला जरूर सांग: हक्कसोडपत्र फोनवर 'हो' म्हटल्यानं होत नाही. ते दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात, साक्षीदारांसमोर, तिच्या सहीनं नोंदवावं लागतं. तिचा हक्कही कुणाच्या मेहेरबानीवर नाही. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिलाय, आणि ही दुरुस्ती झाली तेव्हा वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलंय. सही द्यायची की नाही, हे तिचं तिनं सावकाश ठरवावं. तू त्यात मत देऊ नकोस, विचारलं तरी. वकिलाकडं जायचं म्हणाली तर सोबत मात्र जा.

घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्री उत्तर लिहायला बसली, तर 'सकाळी पाठव' एवढंच म्हण.

झोप अजिबातच येईना, किंवा 'मी नसते तर बरं झालं असतं' असं काही बोलली, तर ते हसण्यावारी नेऊ नकोस. तिला एकटी सोडू नकोस आणि 14416 ला फोन लावून दे. सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं.

तुझी परीक्षाही तोंडावर आहे, रोज रात्र जागणं तुला झेपणार नाही. मिरजेच्या मावशीवर तिचा जीव आहे असं तू मागे म्हणाली होतीस. तिला विचार आणि मावशीला बोलावून घे. न विचारता मात्र कुणालाच कळवू नकोस, भावाला तर नाहीच.

तुझ्या,
बाई