स्पीकर नंतर, आधी कार्ड फेडा

ठाण्याच्या एका वाचकांचं पत्र थोडक्यात असं: वय ४१, हातात पगार ९५ हजार, घराचा हप्ता ३६ हजार. हॉल, दोन बेडरूम, स्वयंपाकघर आणि गॅलरी, पाचही ठिकाणी गाणी वाजतील अशी वायरलेस सिस्टीम घ्यायची आहे. कोटेशन २ लाख ८८ हजारांचं, क्रेडिट कार्डावर २४ महिने ‘नो-कॉस्ट ईएमआय’. घ्यावी का? मग जाता जाता लिहितात: कार्डावर १.८ लाख बाकी आहे, पण ‘मिनिमम ड्यू’ (दर महिन्याची किमान रक्कम) एकदाही चुकवलेला नाही. ३ लाखांची एफडी अडीअडचणीला ठेवलीय. बँकेच्या रिलेशनशिप मॅनेजरने गळ घातली म्हणून नुकतीच युलिप (विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी) घेतली, ६० हजारांचा पहिला हप्ता कार्डानेच भरला. ‘१५ टक्क्यांनी वाढेल, त्यातून कार्डही फिटेल,’ असं मॅनेजर म्हणाले.

स्पीकर राहू द्या बाजूला. कार्डाचं व्याज महिना साडेतीन टक्के धरा, त्यावर १८ टक्के जीएसटी. १.८ लाखांवर महिन्याला साधारण ७,४०० रुपये. तुम्ही मिनिमम ड्यू भरता ९ हजार, म्हणजे मुद्दल फिटतं जेमतेम सोळाशे. वर्षाला ८५ हजारांच्या आसपास नुसतं व्याज जातं, आणि तेवढ्याच रकमेवर एफडी तुम्हाला साडेबारा हजार देते, तेही करपात्र. शिवाय बाकी उभी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत नाही. किराणा घेतलात तरी त्याच दिवसापासून मीटर सुरू.

एफडी मोडा. दंड अर्धा-एक टक्का बसेल, बसू द्या. कार्ड कंपनीकडून आजची पूर्ण थकबाकी विचारून घ्या आणि तीच भरा. पुढच्या स्टेटमेंटमध्ये मधल्या दिवसांचं थोडं व्याज येईल, तेही पूर्ण भरा.

आता युलिप. ४२ टक्क्यांच्या उधारीवर १५ टक्क्यांची आशा! आणि त्या १५ टक्क्यांची हमी कोणत्याही कागदावर नाही. पॉलिसीचे कागद १८ दिवसांपूर्वी मिळाले असं तुम्ही लिहिता. फ्री-लुकची, म्हणजे पॉलिसी परत करण्याची, मुदत ३० दिवसांची असते. अर्ज बँकेला नव्हे, थेट विमा कंपनीला द्या आणि पोच घ्या. स्टॅम्प ड्युटी, तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांचा विमाखर्च कापून, त्या दिवसाच्या एनएव्हीने (युनिटच्या भावाने) पैसे परत येतील. मॅनेजर ‘थोडं थांबा’ म्हणेल. थांबलात तर पाच वर्षं अडकलात.

‘नो-कॉस्ट’चंही ऐका. १६ टक्के दर धरला तर २.८८ लाखांत सुमारे ४३ हजार व्याज आहे. तेवढी सूट दाखवतात, पण त्या व्याजावरचा जीएसटी, साडेसात हजारांच्या वर, तुमच्याच खिशातून. प्रोसेसिंग फी वेगळी. १२ हजारांचा हप्ता मिनिमम ड्यूमध्ये पूर्ण धरला जातो, म्हणजे ९ चे २१ हजार. कार्डाच्या पाच लाखांच्या लिमिटपैकी ४.६८ लाख अडकले की ज्या सिबिल स्कोअरसाठी (पत मोजणारा आकडा) मिनिमम ड्यू सांभाळलात, तोही घसरणार.

कार्ड फिटलं की ९ हजार सुटतात, युलिपचे महिना ५ हजार वाचतात. त्यातले १० हजार एफडीत टाका. युलिपचे ६० हजार परत आले की तेही तिथेच; वर्षभरात पुन्हा ३ लाख होतील. उरलेले ४ हजार गाण्यांसाठी.

सहा महिन्यांत २४ हजार जमतील. आधी वाय-फाय नीट करा, कारण गाणं मध्येच तुटण्याचा दोष बहुधा स्पीकरचा नसतो. राउटर टीव्हीमागे कोपऱ्यात, मध्ये दोन आरसीसी भिंती. ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय तिथेच दम तोडतं, २.४ चं त्यातल्या त्यात पोचतं. स्वस्त एक्स्टेंडर वेगळ्या नावाचं नेटवर्क काढतो आणि ग्रुपमधला एक स्पीकर ॲपमध्ये दिसेनासा होतो; त्यापेक्षा एकाच नावाचं मेश (जोडीने चालणारे राउटर) घ्या. मग पाचेक हजारांचे दोन वाय-फाय स्पीकर, हॉल आणि स्वयंपाकघर. जुना ॲम्प्लिफायर माळ्यावर असेल तर त्याला स्ट्रीमर (नेटवरून गाणं पोचवणारी डबी) जोडूनही भागेल. खोलीगणिक वेगळं गाणं हवं असेल तर गाण्यांच्या ॲपचा फॅमिली प्लॅन लागतो. एका वैयक्तिक खात्यावर सहसा एका वेळी एकच गाणं चालतं.

कोटेशनमधले इन्स्टॉलेशनचे २५ हजार कशाचे? प्लग लावायचा, ॲप उघडायचं. एक्स्टेंडेड वॉरंटीही नको. स्पीकरचा पडदा वर्षानुवर्षं टिकतो, ॲपचा भरवसा नाही: स्पीकर बनवणाऱ्या सोनोसने मे २०२४ मध्ये नवं ॲप आणलं तेव्हा अलार्म आणि स्लीप टायमरसारख्या साध्या सोयी गायब होत्या, आणि मार्च २०२५ मध्ये एका सर्टिफिकेटची मुदत संपल्याने गूगलचे जुने क्रोमकास्ट (गाणी-व्हिडिओ टीव्ही-स्पीकरवर पोचवणारी डबी) काही दिवस बंद पडले. अशा बिघाडाला वॉरंटी लागू होत नाही. म्हणून ऑक्स इनपुट (वायरने जोडायची खाच) असलेलं मॉडेल बघा. आणि गॅलरीचा स्पीकर यादीतून काढाच, ठाण्याच्या पावसात तो दुसरा जून बघणार नाही.