सहावीचं ते प्रकरण आणि घरी न झालेलं बोलणं

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टहून एका मैत्रिणीचं लांबलचक पत्र आलंय. मुलगा सहावीत आहे. तिला विचारून त्यातला थोडा भाग इथे देते.

"ताई, मागच्या आठवड्यात वर्गात एन्शंट इंडियाचं युनिट सुरू झालं. टीचरने सगळ्यांना चिठ्ठ्या वाटल्या, कुणी ब्राह्मण, कुणी क्षत्रिय, कुणी शूद्र, आणि दोन मुलांना चिठ्ठीच नाही, त्यांनी तासभर मागे उभं राहायचं. नंतर एका मुलीने याला विचारलं, तू खरा इंडियन ना, मग तुझी कास्ट कुठली? घरी येऊन म्हणतो, आई, आपण वाईट लोक आहोत का? मला रात्रभर झोप नाही. आम्ही घरात कधी जातपात पाळली नाही, मग माझ्या मुलाला हे का ऐकावं लागतं? आमच्या ग्रुपवर सगळे म्हणतायत की पिटिशन करून पुस्तकातला कास्टचा भागच काढायला लावू. सही करू का?"

पुढे आर्यांचं आहे, तेहतीस कोटी देवांचं आहे, मुलगा डबा नेत नाही ते आहे आणि सासूबाई ऑगस्टमध्ये सहा महिन्यांसाठी येतायत ते आहे. त्यांच्याकडे शेवटी येते.

अगं, तुला तूच म्हणते, माझ्या भाचीच्या वयाची आहेस. आधी त्या चिठ्ठ्यांचं. ते चूकच झालं आणि त्यासाठी आजच टीचरला ईमेल कर. अकरा-बारा वर्षांच्या पोरांना अपमानाचं नाटक करायला लावून इतिहास कळत नाही, आणि वर्गातल्या भारतीय मुलाला तर ते नाटक राहतच नाही. कॅलिफोर्नियाच्या एज्युकेशन कोडमध्ये कलम 51500 आहे, धर्म, वंश वगैरेंवरून भेदभावाला खतपाणी घालणारं शिक्षण किंवा अ‍ॅक्टिव्हिटी शाळेत नको असं ते सांगतं. कलमाचा उल्लेख कर पण धमकीच्या सुरात नको, काय झालं, मुलगा घरी येऊन काय म्हणाला आणि पुढच्या वर्षी हे होऊ नये, एवढं तीन-चार ओळींत लिही. टीचर बहुतेक वेळा वाईट नसते, तिला ती अ‍ॅक्टिव्हिटी कुठूनतरी तयार मिळालेली असते.

आता सही. सही करायच्या आधी एक सांग, पुस्तकातलं ते प्रकरण तू पूर्ण वाचलंस का? तुझं पत्र मी दोनदा वाचलं, त्यात पुस्तकातलं एक वाक्य नाही की पान नंबर नाही, सगळं ग्रुपवरून आलेलं आहे. रागावू नकोस, मी स्वतः यातून गेलेय म्हणून बोलतेय.

माझा मोठा सहावीत होता ते 2005-06 चं वर्ष, म्हणजे राज्याच्या राजधानीत, सॅक्रॅमेंटोत, शाळेच्या पुस्तकांत भारत आणि हिंदू धर्म कसा मांडायचा यावरून भांडण पेटलं होतं तेव्हाचं. त्या वेळी मंजुरीला आलेल्या एका पुस्तकात हनुमानाबद्दल लिहिलं होतं की जिथे रामायण सांगतात तिथे तो हजर असतो म्हणतात, तर बघा आजूबाजूला, दिसतंय का एखादं माकड? ते वर्गात कळलं आणि दोन आठवडे पोरं माझ्या मुलाकडे बघून माकडाचे आवाज काढत होती. आजही ते आठवलं की पोटात कालवतं. तर मी ईमेलने आलेली आक्षेपांची यादी प्रिंट करून तडक शाळेत गेले. टीचरने शांतपणे विचारलं, यातलं आपल्या पुस्तकात कुठल्या पानावर आहे? मला सांगता येईना, अर्धी यादी दुसऱ्याच पुस्तकांबद्दल होती. घरी येऊन नीट वाचली तर त्यात दलितांचा उल्लेख काढा असंही एका ओळीत होतं, आणि खाली माझी सही होती. माकडाच्या अपमानाविरुद्ध गेले होते आणि न वाचता कुणाच्यातरी आजोबांचा इतिहास पुसायला सही करून आले होते.

हे इतकं सविस्तर सांगतेय कारण पुस्तकांवरच्या सॅक्रॅमेंटोतल्या सुनावण्यांना दलित घरांतले लोकही आले होते, आमचा इतिहास काढू नका म्हणून. पुढे 2016 ला फ्रेमवर्क, म्हणजे कसं शिकवायचं त्याचा राज्याचा आराखडा, बदललं तेव्हाही तेच झालं, 'इंडिया' की 'साउथ एशिया' आणि जात धर्माचा भाग की समाजाचा, यावर दोन्ही बाजूंची भारतीय माणसं एकाच माइकसमोर रांगेत उभी. तुझ्या मंडळाच्या गणपतीलाही यातली घरं असतील. तू काढायला निघालेलं ते पान त्यांच्या मुलासाठी, त्याची पणजी कुठून पाणी भरायची, त्याचं पान आहे.

आणि "आम्ही कधी जातपात पाळली नाही" या तुझ्या वाक्यापाशी मी जरा थांबले. तुझ्या नणंदेचं लग्न जमवताना बायोडेटावर काय काय लिहिलं होतं, आठव. माझ्या माहेरी कऱ्हाडजवळ मागच्या दाराशी कोनाड्यात एक वेगळा कप असायचा, दांडा तुटलेला, लाकडं फोडायला येणाऱ्या मामांसाठी. चहा वरून ओतायचा, कप त्यांनीच विसळून परत ठेवायचा. माझे आईवडील प्रेमळ माणसं, आमच्याकडे जात पाळत नाहीत असं तेही म्हणायचे. माकडाच्या प्रकरणानंतर त्याच आठवड्यात मी मुलाला हा कप सांगितला. त्याने विचारलं, तू काही बोललीस का? मी म्हटलं, नाही, मी नऊ वर्षांची होते. तो म्हणाला, मग मोठी झाल्यावर? माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण लग्न होऊन इथे येईपर्यंत तो कप तिथेच होता.

त्या संध्याकाळनंतर तो मला कधी "आपण वाईट आहोत का" असं विचारायला आला नाही. ज्या मुलाला घरात खरं सांगितलंय, त्याला वर्गात ते पहिल्यांदा ऐकावं लागत नाही. तुझ्या मुलाने ते परक्या माणसाच्या तोंडून, चिठ्ठीतून ऐकलं, त्याचा धक्का मोठा आहे.

आता माझी पुस्तकांवरची खरी तक्रार ऐक, गेली अनेक वर्षं मी भेटेल त्याला हेच सांगते. इथली सहावीची स्टँडर्ड्स, म्हणजे काय शिकवायचं त्याची राज्याची यादी, 1998 ची आहेत. त्यात जातिव्यवस्था आहे, ब्राह्मणधर्मातून हिंदू धर्म कसा आला ते आहे, बुद्ध, अशोक, गीता, शून्य, सगळं आहे. मग मूल सातवीत जातं आणि तिथे रोम, इस्लाम, चीन, जपान, आफ्रिका, युरोप, माया-इंका, पण त्याच स्टँडर्ड्समध्ये मध्ययुगीन भारताला वेगळं कलमच नाही. 2016 च्या फ्रेमवर्कमध्ये भर पडली ते चांगलं झालं, पण तेवढ्या भरवशावर राहू नकोस. म्हणजे बघ, जात कशी मांडली गेली ते मुलाला कळतं आणि तिच्याशी आपल्याच भाषेत आयुष्यभर भांडलेली माणसं त्याला भेटतच नाहीत. पिटिशन करायचीच तर ही माणसं घाला म्हणून कर, त्यावर मी पहिली सही करते.

पिटिशन होईल तेव्हा होईल, चोखोबा तू आज रात्री सांगू शकतेस. चौदाव्या शतकातला माणूस, विठ्ठलाचा भक्त आणि त्याच विठ्ठलाच्या देवळात जायची बंदी. ऊस वाकडा असला तरी रस वाकडा नसतो, हे त्यांचं म्हणणं अकरा वर्षांच्या पोराला बरोब्बर कळतं, माझ्या धाकट्याने शाळेच्या प्रोजेक्टमध्ये तेच घेतलं होतं. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत अंगावर पडून गेले, नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या असं सांगतात, आणि समाधी कुठे, तर महाद्वाराशी, देवळाच्या बाहेर. त्यांच्या लोकांना आत जाता यावं म्हणून साने गुरुजी मे 1947 मध्ये उपोषणाला बसले, मधे सहाशेच्या वर वर्षं गेली. बाबासाहेबांनी 1948 साली अस्पृश्यतेच्या उगमावरचं पुस्तक तीन संतांना अर्पण केलं, नंदनार, रविदास आणि चोखोबा. आणि बाबासाहेब 1913 ला न्यूयॉर्कला कोलंबियात शिकायला आले होते हेही सांग, आपल्यासारखेच बोटभर ओळख नसलेल्या देशात. सोयराबाई, जनाबाई हळूहळू येऊ देत, सगळं एका रात्रीत नको.

मग तुझ्या मुलाने वर्गात हात वर केला आणि म्हणाला की याच व्यवस्थेशी माझ्या भाषेतले कवी भांडले, तर "तुझी कास्ट कुठली" या प्रश्नाला त्याच्याकडे बोलण्यासारखं काहीतरी असेल. टीचरलाही विचार, पंधरा मिनिटं देता का म्हणून. मला एकदा दिली होती, मी अर्धा तास बोलले.

बाकीचं पटकन. आर्यांचं म्हणशील तर त्या जुन्या स्टँडर्डमध्ये अजून 'इन्व्हेजन', म्हणजे आक्रमण, हा शब्द आहे, तो अभ्यासकांनी केव्हाच सोडलाय. 2019 च्या प्राचीन डीएनएच्या संशोधनानुसार मध्य आशियाकडच्या गवताळ पट्ट्यातून लोक इ.स.पू. 2000 ते 1500 च्या सुमारास भारतात येत गेले, मिसळत गेले, म्हणजे स्थलांतर. मुलाला तेवढंच सांग, फॉरवर्ड दाखवू नकोस. तेहतीस कोटींचं उत्तर देवघरासमोर बसून दे, तुमच्याकडे जे चार-पाच देव आहेत त्यांची नावं आणि ते कुणी दिले एवढं त्याला माहीत असू दे. डबा नेत नसेल तर नेऊ नये, घरी येऊन वरणभात खाईल.

आणि सासूबाई. सहा महिने कसे निघतील म्हणून तू घाबरली आहेस, पण त्यांचं माहेर पंढरपूरचं असं तूच लिहिलंयस ना? मग संध्याकाळचा एक तास नातू त्यांच्या ताब्यात दे. महाद्वार, नामदेव पायरी, चोखोबांची समाधी त्यांनी लहानपणी रोज येता-जाता पाहिली असणार. देऊळ सगळ्यांना उघडलं त्याबद्दल त्यांच्या घरात आई-वडील काय बोलायचे, त्यांना विचार, आणि जे आठवेल ते अवघड असलं तरी त्यांना त्याच्यासमोर बोलू दे, मधे सावरायला जाऊ नकोस. ऑगस्टनंतर मला परत पत्र लिही, आणि या वेळी त्या प्रकरणाच्या पानांचे फोटो जोड.